कॅसेट संगणकात उतरवण्यापूर्वी : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

जुन्या कॅसेटींमधील ध्वनिमुद्रण संगणकात कसे घ्यावे, याविषयी या सदराकडे सातत्याने पत्रे येत असतात आणि त्यांपैकी बहुतेक पत्रांत ‘कोणते सॉफ्टवेअर वापरावे?’ हा एकच प्रश्न असतो. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येते : ‘ऑडेसिटी’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर या कामाला पुरेसे आहे. परंतु आवाज संगणकात शिरण्यापूर्वीच त्याचा दर्जा जवळजवळ निश्चित झालेला असतो. फितीवरून जे उचललेच गेले नाही, ते कोणतेही सॉफ्टवेअर नंतर परत आणू शकत नाही. म्हणून या वेळी निवडलेल्या प्रश्नांत यंत्र, फीत आणि जोडणी यांना अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : वडिलांची व्याख्याने आणि मुलांचे लहानपणीचे बोलणे असलेल्या बऱ्याच कॅसेटी माझ्याकडे आहेत. टेपरेकॉर्डर अजून चालतो, पण त्याला फक्त हेडफोनचा जॅक आहे. दोन्ही टोकांना पिन असलेली केबल आणून तो माझ्या जुन्या लॅपटॉपच्या माइकच्या जॅकला जोडला, तर आवाज फाटलेला येतो. यूएसबीने थेट संगणकाला जोडता येणारा छोटा कॅसेट प्लेयर घेतला तर काम सोपे होईल का?

उत्तर : काम सोपे होईल, पण चांगले होईलच असे नाही. आधी आवाज का फाटतो ते पाहू. मायक्रोफोनकडून येणारा विद्युत्‌संकेत जेमतेम काही मिलिव्होल्टचा असतो आणि तो उचलता यावा म्हणून माइकच्या जॅकमागचा प्रवर्धक अतिशय संवेदनशील ठेवलेला असतो. टेपरेकॉर्डरच्या हेडफोन जॅकमधून त्याच्या कितीतरी पट जोरकस संकेत येतो आणि तो त्या प्रवर्धकाला पेलवत नाही. ध्वनिमुद्रणाची पातळी सॉफ्टवेअरमध्ये कमी केल्याने उपयोग होत नाही, कारण आवाज तिथवर पोहोचण्यापूर्वीच फाटलेला असतो. शिवाय लॅपटॉपचा माइकचा जॅक बहुधा मोनो असतो, त्यामुळे स्टिरिओ कॅसेटची डावी-उजवी वाहिनी वेगळी राहत नाही. हल्लीच्या लॅपटॉपांवर हेडफोन आणि माइक यांचा मिळून जो एकच जॅक असतो, तोही या कामाचा नाही.

यावर सरळ उपाय म्हणजे ‘लाइन इन’ (टेपरेकॉर्डरसारख्या यंत्रांचा जोरकस संकेत घेणारा प्रवेश) असलेला बाहेरचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे बाहेरचा आवाज यूएसबीने संगणकात नेणारी छोटी डबी. अगदी साधा इंटरफेसही लॅपटॉपच्या जॅकपेक्षा उजवा ठरतो; घेताना एवढेच पाहावे, की त्याला स्टिरिओ लाइन इन आहे, केवळ माइकचा प्रवेश नाही. टेपडेकला ‘लाइन आउट’ असेल, म्हणजे मागे लाल आणि पांढऱ्या रंगाची दोन छिद्रे असतील, तर तेथूनच आवाज घ्यावा, कारण त्यावर आवाजाच्या आणि टोनच्या बटणांचा परिणाम होत नाही. केवळ हेडफोनचा जॅक असला तरी काम अडत नाही. आवाजाचे बटण साधारण मध्यावर ठेवावे, बेस आणि ट्रेबल मधल्या खुणेवर आणावेत आणि ‘बेस बूस्ट’सारखे काही असल्यास ते बंद करावे. ध्वनिमुद्रणात संथ घुमणारा ‘हम्‌’ ऐकू आला, तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर काम करून पाहावे. पुष्कळदा तेवढ्यानेच तो नाहीसा होतो.

यूएसबीचे जे छोटे प्लेयर मिळतात, त्यांच्याविषयी माझे मत प्रतिकूल आहे. फीत एकसारख्या वेगाने ओढण्यासाठी जड फ्लायव्हील (वेग स्थिर राखणारे चाक) आणि अचूक यंत्रणा लागते, आणि नेमक्या त्याच गोष्टीत त्यांच्यात काटकसर केलेली असते. लांबवलेले सूर त्यामुळे थरथरतात. डॉल्बीची, म्हणजे फितीची खरखर कमी करणाऱ्या यंत्रणेची, सोयही त्यांत बहुधा नसते. त्यापेक्षा जुना पूर्ण आकाराचा डेक जाणकाराकडून दुरुस्त करून घ्यावा, त्याचे रबरी पट्टे बदलून घ्यावेत. वर्षानुवर्षे बंद पडून राहिलेल्या यंत्रातील हे पट्टे सैल होतात किंवा चिकट होऊन विरघळतात. दुरुस्तीनंतर पहिली कॅसेट महत्त्वाची लावू नये. एखादी निरुपयोगी कॅसेट लावून झाकण उघडे ठेवता येत असेल तर ठेवावे आणि फीत गुंडाळून घेणारे चाक न अडखळता फिरते आहे ना, हे डोळ्यांनी पाहावे. ते चाक थांबले की फीत यंत्रातच साठत जाते आणि रबरी रोलरभोवती गुंडाळली जाते.

प्रश्न : जोडणी व्यवस्थित आहे, पातळीही योग्य आहे, पण कॅसेटचा आवाज पांघरुणाआडून आल्यासारखा दबलेला वाटतो. ‘स’, ‘श’ ही अक्षरे स्पष्ट उमटत नाहीत. इक्वलायझरने ट्रेबल वाढवले तर फक्त खरखर वाढते. फीत खराब झाली असे समजावे का?

उत्तर : इतक्यात नाही. अशा दहा कॅसेटींपैकी बहुतेकींत दोष फितीचा नसतो, हेडचा, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाचा असतो, आणि तोही दोन प्रकारचा असू शकतो.

पहिला प्रकार मळाचा. फितीवरील तपकिरी चुंबकीय भुकटीचा सूक्ष्म थर हेडवर बसतो आणि फीत हेडपासून किंचित दूर राहते. ९० टक्के किंवा त्याहून अधिक शुद्धतेच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाचा बोळा जरासा भिजवून हेड, शेजारचा धातूचा बारीक दांडा म्हणजे कॅप्स्टन, आणि फीत ज्यांतून सरकते त्या खाचा पुसाव्यात. बोळा तपकिरी व्हायचा थांबेपर्यंत पुसत राहावे आणि पूर्ण वाळू द्यावे. रबरी रोलरसाठी पाण्यात किंचित सौम्य साबण घेतलेला बोळा अधिक बरा, कारण अल्कोहोलने काही रबरे कडक होतात.

दुसरा प्रकार हेडच्या तिरपेपणाचा आहे, ज्याला ‘अझिमथ’ म्हणतात, आणि दुर्दैवाने त्याचा विचार फार थोडे जण करतात. हेडच्या पृष्ठभागावर डोळ्याला न दिसणारी एक उभी फट असते. ती फितीच्या धावण्याच्या दिशेशी नेमका काटकोन करून उभी असावी लागते. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर इतक्या मंद वेगाने सरकते. याचा अर्थ असा, की १०,००० हर्ट्झच्या सुराची एक संपूर्ण लहर फितीवर केवळ ४.७६ मायक्रोमीटर जागेत बसवलेली असते. स्टिरिओ कॅसेटवर एका वाहिनीची पट्टी सुमारे ०.६ मिलिमीटर रुंद असते. आता फट अवघी ०.३ अंशाने कलली, तर पट्टीच्या वरच्या आणि खालच्या कडेमध्ये सुमारे ३ मायक्रोमीटरचे अंतर पडते. लहरीचा एक भाग वर आणि दुसराच भाग खाली वाचला जाऊन ते परस्परांना खोडतात आणि तो सूर निम्म्याहूनही क्षीण होतो. ३०० हर्ट्झच्या सुरावर मात्र याचा काहीच परिणाम होत नाही. म्हणून मधले आणि खर्जातले स्वर शाबूत राहतात आणि ‘स’, ‘श’ मात्र विरून जातात. जे वाचलेच गेले नाही, ते इक्वलायझर वाढवणार कोठून? तो फितीची खरखर तेवढी वाढवतो.

यात गैरसमज असा होतो, की यंत्र ‘बरोबर’ लावलेले असले म्हणजे झाले. प्रत्यक्षात ज्या यंत्रावर कॅसेट मूळ ध्वनिमुद्रित झाली, त्याचे हेड ज्या कोनात होते तोच कोन आज हवा असतो. घरगुती टेपरेकॉर्डरवर केलेल्या ध्वनिमुद्रणात तो कोन क्वचितच प्रमाणाला धरून असतो, म्हणून निष्णात लोक प्रत्येक कॅसेटसाठी, कधीकधी तिच्या प्रत्येक बाजूसाठीही, हेड नव्याने जुळवतात.

हेडच्या दोन बाजूंना दोन लहान स्क्रू दिसतात. त्यांपैकी ज्याच्याखाली स्प्रिंग असते आणि ज्याच्या डोक्यावर बहुधा रंगीत लाखेचा ठिपका असतो, तो जुळवणीचा. कित्येक डेकांवर झाकणाची पुढची पट्टी वर सरकवून काढली, की प्ले चालू असतानाच त्याच्यापर्यंत बारीक स्क्रूड्रायव्हर पोहोचतो. काही टेपरेकॉर्डरांना त्यासाठीच एक छोटेसे छिद्र ठेवलेले असते. स्क्रूड्रायव्हर चुंबकत्व नसलेला असावा. स्क्रूची मूळ स्थिती आधी कागदावर रेखाटून ठेवावी. मग बोलण्याचा किंवा गाण्याचा भाग लावून, दोन्ही वाहिन्या एकत्र करून, म्हणजे मोनोमध्ये, हेडफोनवर ऐकत स्क्रू अगदी हळू, घड्याळाच्या मिनिटकाट्याने पाच मिनिटांत जेवढे अंतर कापावे तेवढाच, एकीकडे आणि मग दुसरीकडे फिरवावा. आवाज एका ठिकाणी अचानक उघडतो, त्याच्या पुढे गेले की पुन्हा मिटतो. जिथे सर्वाधिक उघडा वाटतो, तिथे थांबावे. मोनोमध्ये ऐकण्याचे कारण हे, की दोन वाहिन्यांमधील अत्यल्प वेळेचा फरकही एकत्र केल्यावर ठळकपणे जाणवतो. बहुतेक ऑटो-रिव्हर्स डेकांत, म्हणजे कॅसेट न काढता दुसरी बाजू वाजवणाऱ्या डेकांत, हेड गर्रकन उलटे फिरते आणि दोन्ही दिशांचे स्क्रू निराळे असतात. तेथे अननुभवी व्यक्तीने हात घालू नये.

प्रश्न : कॅसेटवर डॉल्बीची खूण नाही, परंतु माझ्या डेकवर डॉल्बीचे बटण आहे. ते चालू ठेवावे की बंद?

उत्तर : शंका असल्यास बंद. डॉल्बी लावून केलेले ध्वनिमुद्रण डॉल्बीविना वाजवले, तर ते थोडे तीक्ष्ण आणि खरखरीत लागते, पण त्यातील काही हरवत नाही. याउलट, साध्या ध्वनिमुद्रणावर डॉल्बी चालू केली तर वरचे स्वर दबतात, आणि एकदा तसे संगणकात उतरले की सुधारणा अवघड होते. कॅसेटवर स्पष्ट खूण असेल तर मात्र डेकचीच डॉल्बी वापरावी. पण आधी अझिमथ जुळवून घ्यावा, कारण वरचे स्वर मुळातच कमी पोहोचले तर डॉल्बी ते आणखी दाबते.

फितीच्या प्रकाराचे बटण असल्यास तेही पाहावे. साधी फेरिक फीत क्रोमच्या, म्हणजे ७० मायक्रोसेकंदांच्या खुणेवर वाजवली, तर वरचे स्वर सुमारे साडेचार डेसिबलनी कमी ऐकू येतात.

प्रश्न : काही कॅसेटींवर पांढरी बुरशी दिसते, एकीतली फीत तुटली आहे आणि एकीतला स्पंजाचा तुकडा निखळून आत खुळखुळतो. या वाजवण्याजोग्या करता येतील का?

उत्तर : तिन्हींवर उपाय आहे, अवघड फक्त बुरशीचा. बुरशी लागलेली कॅसेट तशीच वाजवल्यास तिचे कण हेडवर आणि तेथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जातात. अशा कॅसेटी वेगळ्या पिशवीत ठेवाव्यात, उघडताना मास्क आणि हातमोजे घालावेत आणि कोरड्या जागी त्या पूर्ण वाळू द्याव्यात. वाळलेली बुरशी फितीच्या गुंडाळीच्या कडेवरून मऊ ब्रशने, शक्यतो उघड्या हवेत, अलगद झाडता येते. ध्वनिमुद्रण दुर्मीळ असेल, तर हे काम व्यावसायिकांकडे द्यावे.

स्पंजाचा जो तुकडा आपण म्हणता, तो फीत हेडवर दाबून धरण्यासाठी असतो. तो नसेल तर आवाज येतो-जातो किंवा येतच नाही. कॅसेटचे कवच पाच बारीक स्क्रूंनी जोडलेले असेल तर काम सुकर असते. कॅसेट टेबलावर आडवी ठेवून स्क्रू काढावेत आणि वरचे अर्धे कवच सरळ वर उचलावे. फितीच्या दोन्ही गुंडाळ्या, त्यांखालची निसरडी पारदर्शक पाने आणि कोपऱ्यांतले दोन छोटे रोलर कसे बसवले आहेत याचे हात लावण्याआधी छायाचित्र घ्यावे. मग सगळा संच तसाच चांगल्या स्थितीतील, स्क्रूच्याच, दुसऱ्या कॅसेटच्या कवचात हलवावा. कवच चिकटवून बंद केलेले असेल तर ते कडेने पातळ पात्याने फोडावे लागते. ते पुन्हा वापरायचे नसल्याने त्याची पर्वा करू नये, फितीची करावी.

तुटलेल्या फितीची टोके एकावर एक न ठेवता समोरासमोर आणून, तिरकी कापून, मागच्या बाजूने, म्हणजे जी बाजू हेडला लागत नाही तिच्यावर, कॅसेटसाठी मिळणारी जोडपट्टी लावावी. घरातला सेलोटेप वापरू नये. त्याचा गोंद कालांतराने पाझरतो आणि शेजारचे वेढे एकमेकांना चिकटतात.

कोणतीही जुनी कॅसेट वाजवण्यापूर्वी आणखी दोन गोष्टी कराव्यात. तिच्या मागच्या कडेवरील प्लास्टिकच्या दोन छोट्या पट्ट्या मोडून टाकाव्यात, म्हणजे चुकून तिच्यावर काही ध्वनिमुद्रित होणार नाही. आणि ती एकदा शेवटपर्यंत पुढे व पुन्हा मागे गुंडाळून घ्यावी. वर्षानुवर्षे एकाच ताणात राहिलेले वेढे त्यामुळे मोकळे होतात. १२० मिनिटांच्या कॅसेटींबाबत हे जपून करावे, कारण त्यांची फीत जेमतेम ९ मायक्रोमीटर जाड असते, तर ६० मिनिटांच्या कॅसेटची सुमारे दुप्पट. फीत किंचाळल्यासारखा आवाज करू लागली तर ताबडतोब थांबवावे. ओव्हनमध्ये तापवण्याचे जे उपाय सुचवले जातात, ते काही विशिष्ट मोठ्या फितींसाठी, नियंत्रित तापमानात करायचे असतात; घरच्या ओव्हनमध्ये कॅसेट ठेवू नये.

प्रश्न : ध्वनिमुद्रण करताना कोणती सेटिंग निवडावीत? वेव्ह की एमपीथ्री?

उत्तर : ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह; म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने, प्रत्येक २४ बिटांचा, आणि ते न दाबता साठवणारी फाइल. ध्वनी आणि दृक्‌श्राव्य अभिलेखागारांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘आयासा’ किमान म्हणून हेच प्रमाण सांगते आणि शक्य तेथे ९६ किलोहर्ट्झ सुचवते. घरगुती कॅसेटसाठी ४८ पुरेसे आहे. खरे पाहता कॅसेटचा आवाज आणि तिची खरखर यांच्यातील अंतर इतके थोडे असते, की १६ बिटही कागदोपत्री पुरतात. २४ बिटांचा लाभ असा, की पातळी निर्धास्तपणे खाली ठेवता येते. सर्वांत मोठा आवाज सॉफ्टवेअरच्या पातळीदर्शकावर उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी लावावी. एक तासाचे स्टिरिओ ध्वनिमुद्रण या प्रमाणात सुमारे एक गिगाबाइट होते. नंतर ते ‘फ्लॅक’मध्ये बदलल्यास आवाजाला धक्का न लागता आकार बराच कमी होतो. एमपीथ्री नातेवाइकांना पाठवण्यासाठी वेगळी काढावी, पण साठवणुकीसाठी ती ठेवू नये.

संगणकाच्या ध्वनीच्या सेटिंगमधील आपोआप पातळी राखणारी, गोंगाट कमी करणारी सर्व सुविधा बंद करावी. ती फोनवरील संभाषणासाठी असते आणि गायकाने घेतलेला श्वासही गोंगाट समजून पुसून टाकते.

प्रश्न : एका कॅसेटमध्ये सर्वांचे आवाज थोडे पातळ आणि घाईचे वाटतात. वेग मूळचा किती होता, हे कसे ठरवावे?

उत्तर : कानाने अंदाज येतो, पण पुष्कळदा फितीतच एक मोजपट्टी दडलेली असते. विजेवर चालणाऱ्या यंत्राने केलेल्या ध्वनिमुद्रणात वीजपुरवठ्याचा मंद ‘हम्‌’ शिरलेला असतो आणि त्याची वारंवारता ५० हर्ट्झ असते, काही देशांत ६०. कोणी बोलत नसलेला लांबसा भाग निवडून ऑडेसिटीमध्ये त्याचा स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या वारंवारतेचा आवाज किती आहे हे दाखवणारा आलेख, काढावा. ५० ऐवजी ५२ वर टोक दिसले, तर फीत सुमारे ४ टक्के जलद धावते आहे. टोक अस्पष्ट असल्यास त्याच्या तिप्पट, म्हणजे १५० हर्ट्झच्या जवळपासचे टोक पाहावे. तेथे तोच फरक तिप्पट दिसतो.

मात्र एक खबरदारी आवश्यक आहे. आजच्या जोडणीतूनही हम्‌ येऊ शकतो आणि तो फितीच्या वेगावर अवलंबून नसल्याने जवळजवळ ५० वरच असतो. म्हणून प्ले बंद ठेवून काही सेकंद ध्वनिमुद्रण करून पाहावे. तेव्हाही जो हम्‌ उरतो तो आपल्या केबलींचा, आणि प्ले दाबल्यावर जो नव्याने दिसतो तो फितीतला. मूळ ध्वनिमुद्रण बॅटरीवर केलेले असेल तर हा उपाय लागू पडत नाही.

दुरुस्ती करताना वेग आणि सुराची पट्टी दोन्ही एकत्र बदलणारा पर्याय निवडावा. केवळ लय बदलणारा पर्याय येथे चुकीचा आहे. वेग सुरुवातीला बरोबर आणि पुढे बदलत जात असेल, तर दोष डेकच्या पट्ट्यात किंवा रोलरमध्ये असण्याचा संभव अधिक, आणि तो दुरुस्त करून पुन्हा ध्वनिमुद्रण करणे हेच श्रेयस्कर.

प्रश्न : खरखर काढून टाकावी का? आणि सगळे उतरवून झाल्यावर मूळ कॅसेटी ठेवाव्यात का?

उत्तर : खरखर कमी करावी, संपूर्ण काढू नये. ऑडेसिटीत आधी निव्वळ खरखरीचा एक-दोन सेकंदांचा नमुना दाखवावा लागतो आणि मग ती किती डेसिबलनी घटवायची हे सांगावे लागते. ६ ते ८ डेसिबलच्या पुढे गेले, की शब्दांच्या शेवटी पाण्यात बुडबुडे फुटावेत तसे आवाज येऊ लागतात, आणि ते खरखरीपेक्षा कितीतरी अधिक खटकतात. ही सारी सफाई प्रतीवर करावी. मूळ वेव्ह किंवा फ्लॅक फाइल जशी उतरली तशीच राखावी, कारण उद्या अधिक चांगली साधने हाती आली तर त्यांना ती अस्पर्श फाइल लागेल. फाइलच्या नावात कॅसेटचा क्रमांक, बाजू आणि माहीत असल्यास ध्वनिमुद्रणाचे वर्ष असावे. कॅसेटच्या कव्हरवरील हस्ताक्षराचे छायाचित्रही त्याच फोल्डरमध्ये ठेवावे. किमान दोन निराळ्या डिस्कवर प्रती असाव्यात, त्यांपैकी एक घराबाहेर.

मूळ कॅसेटी टाकू नयेत. आज जुळवलेला अझिमथ किंचित चुकलेला असू शकतो, डिस्क बंद पडू शकते. पूर्ण एका बाजूला गुंडाळून, डबीत घालून, उभ्या, कोरड्या आणि थंड कपाटात त्या ठेवाव्यात; स्पीकरच्या शेजारी मात्र नकोत, कारण स्पीकरमध्ये चुंबक असतो.